पंधरा नंबरचा स्विच

यवतमाळहून धामणगावकडे जाताना बाभुळगाव लागते. तिथे एक शिक्षणसंस्था होती. शाळा, कॉलेज, वसतिगृह आणि कचेरी एकाच आवारात. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले सकाळच्या एसटीने येत आणि संध्याकाळच्या एसटीने परत जात. आवारातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी वाचनालयाशेजारच्या एका लहान खोलीत येऊन मिळत.

त्या खोलीत एका लोखंडी रॅकमध्ये चार स्विच, म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी एकमेकींना जोडणारी खोकी, एकावर एक बसवलेले होते. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. पाठीमागून जाड, आखूड केबलने पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला जोडलेला होता. चौथ्याकडून एक लांब केबल पुन्हा पहिल्याकडे आली होती. अशी जोडणी केली की चार खोक्यांचा मिळून एकच स्विच होतो. पत्ता एक, पासवर्ड एक. एकाला सांगितले की चौघे ऐकतात. याला स्टॅक म्हणतात. सिस्को कंपनीने २००३ साली आपल्या ३७५० मालिकेत स्टॅकवाइज नावाने ही सोय आणली, तेव्हा नऊ स्विचपर्यंत एकत्र बांधता येत. बाभुळगावचे चारही त्याच मालिकेतले होते, कुठल्याशा शहरी कचेरीने काढून टाकलेले. शहरात जुने झालेले सामान तालुक्याच्या गावी आणखी दहा वर्षे नोकरी करते.

चौघांत एक मास्टर असे. त्याच्या पुढच्या बाजूला मास्टरचा हिरवा दिवा लागे. बाकीचे तिघे मेंबर. मास्टर कोण व्हावा हे यंत्रे आपसांत ठरवतात. प्रत्येकाला एक ते पंधरा यांपैकी एक प्रायॉरिटीचा आकडा देता येतो. ज्याचा आकडा मोठा, तो मास्टर. कोणीच काही आकडा दिला नसेल तर सगळ्यांचा आकडा एकच राहतो, आणि मग बाकी सगळेही सारखेच असेल तर ज्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच यंत्राला मिळालेला क्रमांक, सगळ्यांत लहान, तो मास्टर होतो. बाभुळगावला कोणी आकडा दिलेला नव्हता. सगळ्यांत वरचा स्विच पहिल्या दिवसापासून मास्टर होता, एवढेच सगळ्यांना माहीत होते.

या खोलीची किल्ली काकांकडे असे. काका संस्थेत आले ते मोटारपंप आणि पंखे दुरुस्त करायला. पुढे आवारात कॉम्प्युटर आले, त्यांच्या वायरी काकांनीच ओढल्या, आणि वायरी ओढता ओढता त्यांनी स्विचचे कामही शिकून घेतले. इंग्रजी फारसे येत नसे. पण कुठली कमांड कुठे द्यायची हे त्यांनी एका लाल वहीत लिहून ठेवले होते. दर महिन्याला ते स्टॅकचे कॉन्फिगरेशन एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेत, आणि मधल्या काळात काही बदल केला तर तो तारखेसह वहीत लिहीत.

काकांच्या निवृत्तीला वर्षभर राहिले, तेव्हा संस्थेने एक तरुण मुलगा हाताखाली दिला. मुलगा यवतमाळला शिकलेला होता. हुशार होता आणि कामाला मागेपुढे पाहत नसे. काकांची लाल वही पाहून मात्र त्याला हसू आले.

"काका, हे सारं मशीनमधी असते ना. लिहून कायले ठेवता?"

"मशीन मशीनजवळ असते, बाबू," काका म्हणाले. "वही माझ्याजवळ असते."

एकदा रॅकची धूळ झटकताना मागची एक केबल निसटली. मुलगा घाबरला. काकांनी त्याला पुढच्या बाजूला नेले. सगळे दिवे जागच्या जागी लुकलुकत होते. कचेरीतून कोणाचाही फोन आला नव्हता. काका म्हणाले, "गोल आहे म्हणून चालून रायलं. एक जागी तुटलं, तर दुसऱ्या अंगानं जाते. पण आता अर्धाच रस्ता आहे. आणखी एक तुटली, तर दोन घरं होतील, अन् दोघांचा पत्ता एकच राहील. मग कोण कोणाचं ऐकन?" त्यांनी केबल घट्ट बसवली, स्क्रू पिळले आणि वहीत तारीख टाकली. मुलाने ते नीट पाहून ठेवले. त्या दिवसापासून तो आल्याबरोबर आधी रॅकच्या मागे जाऊन केबल चाचपून पाही.

पावसाळ्याच्या तोंडाला संस्थेने नवी लॅब उघडली. वीस कॉम्प्युटर वाढले. चार स्विचचे पोर्ट आधीच भरलेले होते. पाचवा स्विच हवा होता, आणि नवा घ्यायला पैसे नव्हते. संस्थेच्या यवतमाळच्या कचेरीत त्याच मॉडेलचा एक स्विच काढून ठेवलेला होता. मुलगा एसटीने जाऊन तो घेऊन आला.

काकांनी स्विच हातात घेऊन पाहिला. "हा तिकडं मास्टर होता," ते म्हणाले. "याच्या पोटात तिकडलं सारं असन. आधी पुसून काढजो. नंबर पाच देजो. अन् लावताना बंद करून लावजो. केबल आधी, लाइट मागून."

"हो काका," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. काका कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले. नेमका तोच शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून मुलामुलींची रांग लागली. दाखले स्कॅन करायचे, चढवायचे, अर्जाची प्रत काढायची. जुनी लॅब पुरेना. संस्थेच्या मॅडमनी मुलाला बोलावून विचारले, नवी लॅब आज सुरू होईल का? मुलगा म्हणाला, अर्ध्या तासात करतो.

त्याने आणलेला स्विच टेबलावर चालूच होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत बसून त्याने त्यात चौघांकडे होते तेच सॉफ्टवेअर घातले होते. हे काम त्याने चोख केले होते, कारण सॉफ्टवेअर जुळत नसेल तर स्विच स्टॅकमध्ये नीट सामील होत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. पोट पुसायचे मात्र राहिले होते. त्याने विचार केला की आकडे आणि नावे संध्याकाळी निवांत बदलू. स्विच बंद करून पुन्हा चालू व्हायला पाच मिनिटे जातील, तीही कशाला घालवायची. चालू असलेला स्विच त्याने रॅकमध्ये सरकवला. नव्याच्या समोर मास्टरचा हिरवा दिवा लागलेला होता. एकटा असलेला प्रत्येक स्विच स्वतःचा मास्टरच असतो, त्यामुळे मुलाला त्यात काही वावगे वाटले नाही. चौथ्याची केबल काढून त्याने पाचव्यात घातली, आणि पाचव्याची पहिल्यात.

रॅकमध्ये आता दोन मास्टर होते. दोघांनी एकमेकांना आपला आकडा सांगितला. वरच्याचा आकडा एक. पाहुण्याचा पंधरा, यवतमाळला कोणीतरी काळजीपूर्वक देऊन ठेवलेला. वाद झाला नाही. नियमाप्रमाणे पंधरावाला मास्टर राहिला आणि हरलेल्या बाजूचे चारही स्विच आपणहून बंद होऊन नव्याने सुरू झाले.

कचेरीतून हाक आली. वसतिगृहातून फोन आला. जुन्या लॅबमधल्या मुलांचे अर्धे भरलेले अर्ज पडद्यावर तसेच थिजले. मुलाने मनाला समजावले की चार-पाच मिनिटांत सगळे परत येईल. चार-पाच मिनिटांत चारही स्विच उठलेही. पण उठले ते पाहुण्याचे मेंबर होऊन. स्टॅकची रीत अशी की मास्टरकडे जे कॉन्फिगरेशन असते तेच सगळ्यांना लागू होते आणि त्याचीच नक्कल प्रत्येकाजवळ जाते. पाहुण्याजवळ यवतमाळच्या कचेरीची मांडणी होती. तिच्यात बाभुळगावची लॅब नव्हती, वसतिगृह नव्हते, वाचनालय नव्हते. पाहुण्याचा नंबर एक होता, म्हणून ज्याचा नंबर आजवर एक होता त्याला यंत्राने पाच नंबर देऊन टाकला. चारही जुन्या स्विचचे दिवे लागलेले होते, पण कुठल्या वायरीतून काय जायचे हे त्यांना आता माहीत नव्हते.

मुलाने काकांना फोन लावला. त्याला नीट बोलता येईना. काका म्हणाले, "कशाले हात लावू नको. पाण्याचा घोट घे. मी येतो."

काका कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले. कपाळावर शेंदूर तसाच होता. रांगेतल्या मुली व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांतली एक सारखी एसटीची वेळ विचारत होती. काका खोलीत आले, रॅकसमोर उभे राहिले आणि पाचव्याच्या दिव्याकडे पाहिले. त्यांनी मुलाला काही विचारले नाही. पाचव्याचा प्लग काढला, केबल सोडवल्या आणि चौघांचे वर्तुळ पूर्वीसारखे जोडले. मग कन्सोलची केबल लावली, वरच्या स्विचला पुन्हा एक नंबर दिला आणि चारही एकदम रीलोड केले. पेन ड्राइव्हवरचे कॉन्फिगरेशन चढवले. ते तीन आठवड्यांपूर्वीचे होते. मधल्या काळात सहा पोर्टांत बदल झाले होते. काकांनी लाल वही मुलापुढे ठेवली.

"तू वाच. मी टाकतो."

मुलगा वाचत गेला. काका एका बोटाने टाकत गेले. दीड तासाने कचेरीतला पहिला कॉम्प्युटर सुरू झाला, मग जुनी लॅब. मॅडमनी त्या दिवशी कचेरी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवली, आणि ज्या मुलींची गाडी चुकली त्यांची वसतिगृहात सोय केली. रांगेतल्या सगळ्यांचे अर्ज भरून झाले. नवी लॅब त्या दिवशी उघडली नाही.

दोन दिवस मुलगा खाली मान घालून वावरला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. काकांनी त्याला बोलावून घेतले. आवारात कोणी नव्हते.

"काय चुकलं, सांग," काका म्हणाले.

"त्याचा आकडा पंधरा होता, काका. मी पाहिलाच नाही."

"आकडा पंधरा होता म्हणून नाही झालं."

मुलाला पटले नाही. काका स्टुलावर बसले. "तो बंद असता, केबल लावून मग चालू केला असता, तर पंधरा असूनही मेंबर होऊन गपचूप बसला असता. चालू स्टॅकमधी मागून येणारा मास्टर होत नाही. त्याले घरात आल्यावर कळते का इथं एक जण आहे. हा पेटलेलाच आला. येतानाच मास्टर होता. दोन मास्टर भेटले म्हणून आकडे काढा लागले." थोडे थांबून ते म्हणाले, "आता, पंधरा पुसाच लागते, ते वेगळं. इथं लाइट जाते. सारे संगं बंद पडले अन् संगं उठले, का त्या वक्ती आकडाच पाहतात. आज नाही तर पुढच्या वादळात तो मास्टर झालाच असता. बाजारातून नवा बैल आणला का आपून त्याले आधी वेगळा बांधतो ना? तसंच आहे."

मुलाने पाचव्या स्विचचे पोट पुसले. आकडा एक केला, नंबर पाच दिला. प्लग काढला, रॅकमध्ये बसवला, केबल लावल्या, आणि मग प्लग घातला. पाचवा हळूहळू उठला. त्याच्या समोर मास्टरचा दिवा लागला नाही. वरच्याचा दिवा लागलेलाच राहिला. नव्या लॅबचे वीसही कॉम्प्युटर सुरू झाले.

"आता माझी चूक," काका म्हणाले. "वरचा मास्टर आहे, हे मी इतके वर्स धरून चाललो. त्याले कोणी केलं होतं? कोणीच नाही. आकडा द्याले अर्धा मिनिट लागते. मी दिला नाही."

मुलाने त्यांच्या सांगण्यावरून वरच्याला पंधरा आकडा दिला आणि दुसऱ्याला चौदा. बाकीच्यांचा एकच ठेवला. कॉन्फिगरेशन सेव्ह केले, पेन ड्राइव्हवर उतरवले आणि वहीत लिहिले. वहीत लिहिताना तो हसला नाही.

मग काका उठले आणि त्यांनी वरच्या स्विचचा प्लग उपटला.

मुलाच्या तोंडून आवाजच निघेना. वरच्याचे सगळे दिवे विझले. क्षणभराने दुसऱ्या स्विचसमोर मास्टरचा हिरवा दिवा लागला. मुलाने लॅपटॉपवर स्टॅकची खिडकी उघडून ठेवली होती, ती बंद पडली. त्याने पुन्हा उघडली. तोच पत्ता, तोच पासवर्ड. वरच्या स्विचवर ज्यांच्या वायरी होत्या ते कॉम्प्युटर तेवढे बंद पडले होते. बाकी चौघांवरचे काम चालूच होते. स्टॅकचे कॉन्फिगरेशन प्रत्येकाजवळ असते, त्यामुळे दुसऱ्याला कोणाकडे काही मागावे लागले नाही.

काकांनी दहा मिनिटे जाऊ दिली. मग वरच्याचा प्लग पुन्हा घातला. तो उठला, त्याचे पोर्ट जिवंत झाले. मुलगा त्याच्या समोरच्या दिव्याकडे टक लावून पाहत राहिला. मास्टरचा दिवा दुसऱ्याकडेच राहिला.

"काका, याले तर पंधरा दिला. याचा आकडा मोठा आहे. मग याने परत काहून नाही घेतलं?"

"दुसऱ्याचं काय बिघडलं?" काकांनी विचारले.

मुलगा गप्प राहिला.

"चालून रायलं ना? मग कायले घेईन? त्याची पाळी आली तर येईन. नाही आली तर हा इथं मेंबर आहे. त्याचे अठ्ठेचाळीस पोर्ट तो चालवून रायला."

दिवाळीनंतर काका निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल आणि श्रीफळ दिले. काकांनी मॅडमना एक कागद दिला. त्यावर खोलीचे काम कोणी पाहायचे त्यांची नावे क्रमाने लिहिली होती. पहिले मुलाचे. दुसरे प्रयोगशाळेतल्या परिचर बाईंचे. गेले चार महिने काकांनी मुलासोबत त्यांनाही वहीतले सगळे दाखवले होते. तिसऱ्या ओळीत, कंसात, स्वतःचा फोन नंबर. लाल वही आणि पेन ड्राइव्ह त्यांनी मुलाच्या हातात दिला. मुलाने पेन ड्राइव्हची एक नक्कल त्याच दिवशी कचेरीच्या कपाटात ठेवली. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

उन्हाळ्यात काका पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला आले. आदल्या संध्याकाळी वीज कडाडली होती आणि तिसरा स्विच गेला होता. मुलगा त्याच्या जागी तसाच एक बसवत होता. बाहेर मुख्य कारकून उभे होते. काकांना पाहताच त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं काका आले. काका, तुम्हीच पाहा आता. वसतिगृह बंद पडलं आहे."

मुलगा खुर्चीवरून उठला. "बसा काका."

काकांनी भिंतीकडचे स्टूल ओढले आणि त्यावर बसले. "त्याले विचारा," ते कारकुनांना म्हणाले. "मी सहीसाठी आलो."

मुलाने आणलेला स्विच पुसला, तीन नंबर दिला, बंद केला, बसवला, केबल लावल्या, प्लग घातला. तेच मॉडेल आणि तोच नंबर असल्यामुळे गेलेल्या तिसऱ्याची सगळी मांडणी मास्टरने त्याला आपणहून दिली. वसतिगृह सुरू झाले. या सगळ्या वेळात काका एकदाच उठले. मुलाच्या हातातून मागच्या बाजूचा टॉर्च घेऊन त्यांनी तो धरून ठेवला.

यवतमाळहून आलेला पाहुणा आणि वरचा स्विच, दोघांचाही आकडा पंधरा होता. एक जण आपला दिवा पेटलेला घेऊन आला, आणि चार चालती खोकी बंद पडली. दुसऱ्याचा अधिकार त्याहून खरा होता, तरी तो परत आला तेव्हा चालत्या कामात आपली जागा घेऊन बसला. संस्था, सोसायटी, दुकान, घर, कुठेही माणसे बदलतात तेव्हा या दोहोंपैकी एक प्रकार घडतो. दुसरा प्रकार घडावा असे वाटत असेल तर पुढचा कोण हे सगळे शांत असतानाच लिहून ठेवावे लागते, आणि त्याला कामही आधीच दाखवावे लागते. गडबडीच्या दिवशी यंत्रेसुद्धा फक्त आकडा पाहतात.

तुमच्या कचेरीत असा स्टॅक असेल तर येत्या सुटीच्या दिवशी त्याची प्रायॉरिटी तपासून घ्या. कारखान्यातून येताना ती सगळ्यांची एकच असते, आणि कोणी बदलली नसेल तर आजही एकच असेल.